फायरफॉक्सचं जुनं प्रोफाईल बॅकअपमधून परत कसं आणायचं : गावातल्या सेवा केंद्रचालकांसाठी

पावसाळ्याच्या तोंडावर आपल्याकडे कॉम्प्युटर जास्त बिघडतात. वीज कडाडते, लाईट येते-जाते, व्होल्टेज वरखाली होतं, आणि नेमकी त्याच वेळी केंद्रावर महाडीबीटीची, उत्पन्नाच्या दाखल्याची, पीक विम्याची रांग लागलेली असते. मेकॅनिक येतो, पाहतो आणि म्हणतो, "भाऊ, विंडोज उडाली, फॉरमॅट मारा लागते." संध्याकाळपर्यंत पीसी सुरूही होतो. पण ब्राउझर उघडला की सगळं कोरं. बुकमार्क नाहीत, साठवलेले पासवर्ड नाहीत, पावतीची खिडकी उघडत नाही.

तुमच्याकडे जुन्या प्रोफाईलचा बॅकअप असेल, किंवा जुनी हार्ड डिस्क वाचता येत असेल, तर हे जवळपास सगळं परत येतं. मी केंद्रावर फायरफॉक्स वापरतो, म्हणून मुख्य कृती त्याचीच दिली आहे. क्रोमबद्दल शेवटी लिहिलं आहे, कारण तिथला मामला वेगळा आहे.

हे काम वेळ वाचतो म्हणून तर करायचंच, पण बुकमार्कला मी त्याहून जास्त जपतो. सातबारा काढायला सर्च केलं की महाभूलेखच्या सोबत सरकारीसारख्या दिसणाऱ्या खासगी साईटही समोर येतात. घाईत कुठेतरी क्लिक होतं आणि शेतकऱ्याची माहिती नको तिथे भरली जाते. एकदा तपासून ठेवलेला बुकमार्क असला की हा धोका टळतो.

प्रोफाईलमध्ये काय असतं, काय नसतं

फायरफॉक्स स्वतः प्रोग्रॅम फाईल्समध्ये बसतो. तुमची माहिती मात्र वेगळ्या फोल्डरमध्ये राहते, त्यालाच प्रोफाईल म्हणतात. बुकमार्क, हिस्टरी, पासवर्ड, साईटना दिलेल्या परवानग्या, ॲड-ऑन, सर्टिफिकेट आणि सेटिंग हे सगळं त्यात असतं. स्पेलिंग तपासणीत तुम्ही भर घातलेले शब्दही त्यातच असतात. टाईप करताना लाल रेघ येऊ नये म्हणून आजूबाजूच्या गावांची नावं डिक्शनरीत टाकून ठेवली असतील, तर ती पर्सडिक्ट नावाच्या छोट्याशा फाईलमध्ये सापडतील.

डाउनलोड केलेले सातबारे, दाखले, पावत्या प्रोफाईलमध्ये नसतात. त्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये असतात, त्यांचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो. अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस आणि प्रिंटरचा ड्रायव्हर हे विंडोजमध्ये टाकलेले प्रोग्रॅम आहेत, ते पुन्हाच टाकावे लागतात. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन असेल तर सही त्या टोकनमध्येच सुरक्षित असते, फक्त टोकनचा ड्रायव्हर नव्याने टाकायचा. ही तिन्ही कामं प्रोफाईल आणण्याच्या आधी उरकून घ्या. नाहीतर मशीन चालत नाही म्हणून दोष प्रोफाईलला द्याल आणि कारण दुसरंच असेल.

जवळ काय हवं

• बॅकअप असलेला पेनड्राईव्ह, किंवा जुनी हार्ड डिस्क
• जुनी डिस्क असेल तर ती यूएसबीने जोडायची केसिंग किंवा केबल
• नवीन पीसीच्या डी ड्राईव्हवर थोडी मोकळी जागा
• फायरफॉक्समध्ये प्रायमरी पासवर्ड (साठवलेल्या सगळ्या पासवर्डना लावलेलं एकच कुलूप) लावला होता का, आणि तो काय होता
• इन्व्हर्टर किंवा यूपीएस. कॉपी चालू असताना लाईट गेली तर फाईल अर्धवट राहते. लोडशेडिंगचं वेळापत्रक पाहूनच बसा.

फोल्डर आणि फाईलची नावं मी इथे देवनागरीत लिहिली आहेत. स्क्रीनवर ती इंग्रजीत दिसतील आणि टाईपही इंग्रजीतच करायची आहेत.

१. बॅकअप नेमका कुठला ते ओळखा

पेनड्राईव्हवर प्रोफाईलचं फोल्डर असेल तर त्याचं नाव बहुधा आठ अक्षर-आकड्यांची गिचमीड, मग टिंब, मग 'डिफॉल्ट-रिलीज' असं असतं. ते उघडून आत 'प्लेसेस', 'की-फोर', 'लॉगिन्स' नावाच्या फाईल दिसतात का ते पाहा. दिसल्या तर तुम्ही योग्य जागी आहात.

जुनी डिस्क जोडली असेल तर रस्ता असा आहे : युजर्स, त्यात जुन्या विंडोजमधलं तुमचं नाव, मग ॲपडेटा, रोमिंग, मोझिला, फायरफॉक्स, प्रोफाईल्स. ॲपडेटा हे फोल्डर लपवलेलं असतं. फाईल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू मेनूत जाऊन 'हिडन आयटम्स' सुरू केल्याशिवाय ते दिसणार नाही. युजरच्या फोल्डरवर क्लिक केल्यावर परवानगी नाही असा संदेश आला तर 'कंटिन्यू' दाबा आणि थोडं थांबा.

मेकॅनिकने सी ड्राईव्ह फॉरमॅट न करता त्यावरच नवी विंडोज टाकली असेल, तर सी ड्राईव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचं फोल्डर सापडू शकतं. त्यात जुनं युजर्स फोल्डर तसंच असतं. पण विंडोज १० आणि ११ हे फोल्डर साधारण १० दिवसांनी आपोआप काढून टाकतात, म्हणून ते दिसलं तर आधी त्यातलं प्रोफाईल बाहेर काढा.

इथे दोन ठिकाणी हमखास गफलत होते. पहिली म्हणजे प्रोफाईल्समध्ये बऱ्याचदा दोन फोल्डर असतात. एकाच्या शेवटी नुसतं 'डिफॉल्ट', दुसऱ्याच्या शेवटी 'डिफॉल्ट-रिलीज'. २०१९ मध्ये आलेल्या फायरफॉक्स ६७ पासून ही पद्धत आहे, आणि नुसतं डिफॉल्ट असलेलं फोल्डर बहुतेक वेळा जवळजवळ रिकामं असतं. नावावर जाऊ नका. दोन्हींतल्या प्लेसेस फाईलची तारीख आणि आकार पाहा. जिची तारीख पीसी बिघडला त्या दिवसाजवळची, ते खरं प्रोफाईल.

दुसरी गफलत रोमिंग आणि लोकलची. ॲपडेटामध्ये लोकल फोल्डरच्या आतही मोझिला सापडतं आणि आत अगदी त्याच नावाचं प्रोफाईल दिसतं. पण तिथे फक्त कॅश, म्हणजे साईटच्या तात्पुरत्या साठवलेल्या प्रती असतात. ते कॉपी करून आणलं तर बुकमार्क नाहीत, पासवर्ड नाहीत, काहीच नाही.

जुनी डिस्क टकटक आवाज करत असेल किंवा फार हळू चालत असेल, तर तिच्यावर दुरुस्तीचे प्रयोग करत बसू नका. आधी हे एक फोल्डर काढून घ्या, बाकीचं मग.

२. मूळ बॅकअपला हात लावू नका

सापडलेलं फोल्डर कॉपी करून डी ड्राईव्हवर ठेवा. कट करू नका, कॉपीच करा. यापुढचं सगळं काम या प्रतीवर करायचं. पेनड्राईव्ह किंवा जुनी डिस्क काढून ड्रॉवरमध्ये ठेवून द्या. पुढे काहीही बिनसलं तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येते, आणि त्या भरवशावर माणूस शांत डोक्याने काम करतो.

३. फायरफॉक्सची आवृत्ती जुळवा

नव्या पीसीवरचा फायरफॉक्स जुन्याच्या बरोबरीचा किंवा त्याहून नवा हवा. नव्या आवृत्तीतलं प्रोफाईल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. तुम्ही जुना फायरफॉक्स चालवत आहात, नवीन प्रोफाईल तयार करा, असा संदेश येतो आणि गाडी तिथेच थांबते. बॅकअपमध्ये 'कंपॅटिबिलिटी' नावाची फाईल असते. ती नोटपॅडमध्ये उघडा. 'लास्ट व्हर्जन' या ओळीत आवृत्तीचा आकडा लिहिलेला असतो. नव्या पीसीवरचा आकडा मेनू, हेल्प, अबाउट फायरफॉक्स इथे दिसेल.

विंडोज ७ किंवा ८ वर अजून काम चालू असलेल्या केंद्रांनी हे नीट वाचा. या विंडोजवर फायरफॉक्स ११५ ईएसआरच्या (जास्त काळ चालवल्या जाणाऱ्या आवृत्तीच्या) पुढे जाता येत नाही. विंडोज १० वरचं नवं प्रोफाईल अशा जुन्या पीसीवर आणायचं म्हटलं तर ते उघडणार नाही. त्यावर वाट अशी : बॅकअप आधी दुसऱ्या कोणाच्या नव्या पीसीवर उघडा, तिथून बुकमार्क एचटीएमएल फाईल म्हणून काढून आणा आणि पासवर्ड पाहून हाताने भरा. दुसऱ्याच्या पीसीवर काम झाल्यावर तिथली तुमची प्रत काढून टाकायला विसरू नका.

४. नवं, रिकामं प्रोफाईल तयार करा

फायरफॉक्स उघडा. पत्त्याच्या पट्टीत अबाउट, मग कोलन, मग प्रोफाईल्स असं जागा न सोडता टाईप करून एंटर दाबा. 'क्रिएट अ न्यू प्रोफाईल' हे बटण दाबा आणि त्याला ओळखू येईल असं नाव द्या, समजा 'केंद्र'. आधीच्या प्रोफाईलवरच फाईल पेस्ट करण्यापेक्षा मला ही रीत बरी वाटते, कारण काम फसलं तरी चालू प्रोफाईल जसंच्या तसं राहतं आणि रांगेतल्या माणसाला परत पाठवावं लागत नाही.

आता त्याच पानावर 'केंद्र'च्या चौकटीत 'रूट डिरेक्टरी' अशी ओळ शोधा आणि तिच्यापुढचं 'ओपन फोल्डर' दाबा. खाली लागूनच 'लोकल डिरेक्टरी' अशी दुसरी ओळ असते. ती नाही. उघडलेल्या फोल्डरमध्ये जवळपास काहीच नसेल, तसंच हवं. ही खिडकी उघडी ठेवा.

याच पानावर प्रोफाईलच्या खाली 'रिमूव्ह' बटण असतं. ते दाबल्यावर फाईलही काढायच्या का असं विचारलं जातं, आणि तिथे 'डिलीट फाईल्स' म्हटलं की अख्खं फोल्डर जातं. सगळं काम होऊन काही आठवडे जाईपर्यंत त्या बटणाकडे जाऊच नका.

५. फायरफॉक्स पूर्ण बंद करा

नुसती फुली दाबून भागत नाही. मेनूतून एक्झिट करा. मग कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि यादीत फायरफॉक्स उरला नाही ना ते पाहा. उरला असेल तर 'एंड टास्क' करा. चालू फायरफॉक्सच्या फाईलवर दुसरी फाईल पेस्ट केली तर दोन्हींची वाट लागू शकते.

६. फोल्डर नाही, फोल्डरमधला माल पेस्ट करा

डी ड्राईव्हवरची प्रत उघडा. आत जाऊन कंट्रोल-ए, कंट्रोल-सी. मग 'केंद्र'च्या उघड्या खिडकीत कंट्रोल-व्ही. आधीच्या फाईल बदलायच्या का असं विचारलं तर हो म्हणा.

प्रोफाईलच्या आत आणखी एक प्रोफाईलचं फोल्डर तयार झालं की फायरफॉक्स ते वाचतच नाही. सगळं केलं तरी काहीच आलं नाही, अशी तक्रार घेऊन कोणी आलं तर मी आधी हेच तपासतो.

सगळं न आणता निवडकच आणायचं असेल तर जोड्या लक्षात ठेवा. पासवर्ड 'लॉगिन्स' फाईलमध्ये असतात, पण ते कुलूप आहे आणि त्याची किल्ली 'की-फोर' फाईलमध्ये. दोन्ही एकाच बॅकअपमधल्या हव्यात. एक जुनी आणि एक नवी घेतली तर पासवर्ड उघडत नाहीत. बुकमार्क आणि हिस्टरी प्लेसेसमध्ये, साईटची छोटी चित्रं फेविकॉन्समध्ये, पॉप-अपच्या (पावतीसारख्या वेगळ्या उघडणाऱ्या खिडक्यांच्या) परवानग्या परमिशन्समध्ये, सर्टिफिकेट सर्ट-नाईनमध्ये. अंगठ्याच्या मशीनसाठी स्थानिक पत्त्याला 'रिस्क स्वीकारून पुढे जा' अशी सूट दिली असेल, तर तिची नोंद 'सर्ट-ओव्हरराईड' या फाईलमध्ये असते.

लाईट जाण्याशी संबंधित एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. फायरफॉक्स चालू असताना पीसी बंद पडला असेल, तर बॅकअपमध्ये प्लेसेसच्या शेजारी त्याच नावाची, पण शेवटी डॅश आणि डब्ल्यूएएल अशी अक्षरं असलेली फाईल दिसते. ती कचरा नाही. शेवटी केलेले बदल मुख्य फाईलमध्ये जाण्याआधी तिच्यात लिहिलेले असतात. म्हणून प्लेसेस आणताना ती असली तर तीही सोबत आणा. उलट, तुम्ही वापरात असलेल्या प्रोफाईलमध्ये जुनी प्लेसेस टाकत असाल, तर तिथली आधीची डब्ल्यूएएल फाईल पेस्ट करण्यापूर्वी काढा. दोन वेगळ्या दिवसांच्या फाईल एकत्र आल्या तर बुकमार्क बिघडू शकतात.

७. लोकांची माहिती सोबत ओढून आणू नका

'फॉर्महिस्टरी' नावाची फाईल मी मुद्दाम आणत नाही. फॉर्ममध्ये आधी टाईप केलेलं परत सुचवलं जातं ते या फाईलमुळे. केंद्रावरच्या पीसीत त्यात काय साठलेलं असेल याचा विचार करा. गावकऱ्यांचे मोबाईल नंबर, खाते नंबर, कोणाचा आधार नंबर. एका शेतकऱ्याचा फॉर्म भरताना दुसऱ्याचा नंबर खाली सुचवला जाणं बरोबर नाही, आणि चुकून तोच निवडला गेला तर एकाचं अनुदान अडकतं. फाईल आधीच पेस्ट झाली असेल तर आता, फायरफॉक्स उघडायच्या आधी, 'केंद्र'च्या फोल्डरमधून ती डिलीट करा. बाकी कशावरही परिणाम होत नाही.

८. उघडा आणि तपासा

फायरफॉक्स सुरू करून पुन्हा प्रोफाईल्सच्या पानावर जा. 'केंद्र' आधीच उघडलेलं नसेल तर त्याच्या चौकटीत 'लाँच प्रोफाईल इन न्यू ब्राउझर' दाबा, नवी खिडकी उघडेल.

आधी बुकमार्क पाहा. मग मेनूतून पासवर्डची यादी उघडा. प्रायमरी पासवर्ड लावला असेल तर तो विचारला जाईल. तो आठवत नसेल तर उपाय नाही. रीसेट करता येतं, पण त्यात साठवलेले सगळे पासवर्ड पुसले जातात, म्हणून घाईने रीसेट मारू नका, घरच्यांना विचारा, जुन्या वह्या चाळा. यादी पूर्ण रिकामी दिसली तर की-फोर आणि लॉगिन्स या दोन्ही फाईल आल्या का ते पाहा.

त्यानंतर एखादी पावती पुन्हा प्रिंटला देऊन पाहा, म्हणजे पॉप-अप आणि प्रिंटर दोन्ही एका दमात तपासले जातात. जुन्या प्रिंटरचं नाव दिसत असेल तर प्रिंटच्या खिडकीत नवा निवडा. एखादं ॲड-ऑन रुसलं असेल तर काढून पुन्हा टाका.

साईटवर तुम्ही आधीचेच लॉग-इन असाल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. सरकारी पोर्टल थोड्या वेळाने स्वतःच बाहेर काढतात, तिथे पासवर्ड आणि ओटीपी पुन्हा लागणारच.

सगळं ठीक असेल आणि 'केंद्र' आधीच डिफॉल्ट झालेलं नसेल, तर प्रोफाईल्सच्या पानावर त्याच्याखाली 'सेट ॲज डिफॉल्ट प्रोफाईल' दाबा. फायरफॉक्स बंद करून पुन्हा उघडा आणि तेच प्रोफाईल येतं ना ते पाहा. फायरफॉक्सचं सिंक (खात्यातून बुकमार्क-पासवर्ड जुळवून घेणारी सोय) वापरत असाल तर इथपर्यंत येईस्तोवर त्यात साईन-इन करू नका. जुनं आणि नवं आपसात मिसळलं की काय कुठून आलं ते कळत नाही.

९. बुकमार्क आलेच नाहीत तर

प्लेसेस फाईल बिघडलेली असेल तर फायरफॉक्स ती बाजूला सारतो आणि नवी कोरी फाईल बनवतो. घाबरू नका. प्रोफाईलमध्ये 'बुकमार्कबॅकअप्स' नावाचं फोल्डर असतं. फायरफॉक्स स्वतःहून त्यात बुकमार्कच्या प्रती ठेवत असतो, साधारण १५ पर्यंत, आणि प्रत्येक फाईलच्या नावात तारीख असते.

कंट्रोल-शिफ्ट-ओ दाबा. वर 'इम्पोर्ट अँड बॅकअप' आहे, त्यात 'रिस्टोअर', मग 'चूज फाईल', आणि बिघाडाच्या आधीची तारीख असलेली फाईल निवडा. रिस्टोअर केलं की आत्ताचे सगळे बुकमार्क जाऊन त्या जागी जुने येतात. मधल्या दिवसांत नवीन काही साठवलं असेल तर ते आधी टिपून ठेवा.

१०. क्रोम आणि एजवाल्यांसाठी

क्रोमचं फोल्डर जसंच्या तसं उचलून नव्या विंडोजवर ठेवलं तर बुकमार्क येतात, पासवर्ड येत नाहीत. क्रोम पासवर्ड ज्या किल्लीने बंद करतो ती विंडोजच्या त्या खात्याशी बांधलेली असते. विंडोज नव्याने टाकली की ते खातं संपलं. एजही याच पद्धतीचा. त्यामुळे तिथे फोल्डरपुरतं सांगायचं तर, जुन्या डिस्कवर युजर्स, तुमचं नाव, ॲपडेटा, लोकल, गूगल, क्रोम, युजर डेटा, डिफॉल्ट या रस्त्याने जाऊन 'बुकमार्क्स' नावाची फाईल घ्या आणि क्रोम बंद ठेवून नव्या पीसीवर त्याच जागी ठेवा. क्रोममध्ये लोकल हाच खरा रस्ता आहे, फायरफॉक्सच्या उलट. पासवर्डसाठी गूगल खात्याचं सिंक आधीपासून सुरू असेल तरच ते परत मिळतील. पीसी धड असतानाच पासवर्ड मॅनेजरमधून सीएसव्ही (साध्या यादीची) फाईल काढता येते, पण त्या फाईलमध्ये पासवर्ड उघडे लिहिलेले असतात. ती केंद्रावरच्या पेनड्राईव्हमध्ये ठेवणं मला पटत नाही. तो पेनड्राईव्ह दिवसभरात किती जणांच्या हाती जातो ते तुम्हीच पाहता.

११. नवा बॅकअप आणि जुनी डिस्क

प्रोफाईल नीट बसलं की त्याच दिवशी नवा बॅकअप घ्या. फायरफॉक्स बंद करा, 'केंद्र'चं फोल्डर कॉपी करा, नावात तारीख घाला. डेस्कटॉपवर ठेवू नका, कारण डेस्कटॉप सी ड्राईव्हवरच असतो आणि फॉरमॅटमध्ये तोही जातो. एक प्रत डी ड्राईव्हवर आणि एक घरी ठेवलेल्या वेगळ्या पेनड्राईव्हवर, एवढं पुरतं. खरीप विम्याची मुदत साधारण ३१ जुलैची असते, म्हणजे गर्दी वाढायच्या आधी, जूनमध्येच एक ताजा बॅकअप हाताशी हवा. फायरफॉक्सला प्रायमरी पासवर्डही लावून टाका, सेटिंगमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली तो आहे. त्याशिवाय ते फोल्डर ज्याच्या हाती पडेल त्याला सगळे पासवर्ड वाचता येतात.

जुनी डिस्क काही आठवडे सांभाळा, एखादी राहिलेली फाईल आठवतेच. मग ती भंगारवाल्याला देऊ नका आणि मेकॅनिकलाही 'असू दे' म्हणून सोडू नका. चालू असेल तर क्विक फॉरमॅटचा टिक काढून पूर्ण फॉरमॅट मारा. बंद पडली असेल तर झाकण उघडून आतली चकती पक्कडीने वाकवा किंवा ड्रिलने भोक पाडा. काही डिस्कमधल्या चकत्या काचेच्या असतात आणि फुटून उडतात, तेव्हा वर जाड कापड टाकूनच हे काम करा.